हिशेबात सूर्य धरला का?

उत्क्रांतीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि बहुधा तो चांगल्या शिकलेल्या माणसाकडून येतो. "थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगतो की जगातला पसारा वाढतच जाणार. डार्विन सांगतो की साध्या पेशीपासून मासे झाले, पक्षी झाले, माणूस झाला. म्हणजे पसाऱ्यातून आपोआप घडी बसली! दोन्ही खरं कसं असेल?" मग निकालही लगेच लागतो. "नियम तर मोडता येत नाही. म्हणजे उत्क्रांतीच खोटी."

प्रश्न चांगला आहे, हे आधीच सांगतो. विचारणाऱ्याला हसून गप्प बसवावं असा तो नाही. भौतिकशास्त्राचा नियम आणि जीवशास्त्राचा सिद्धांत खरोखरच एकमेकांविरुद्ध बोलत असतील, तर कुठेतरी चूक असलीच पाहिजे. ती शोधायला शाळेतलं विज्ञान आणि दुकानदाराची जमाखर्चाची वही एवढं पुरतं.

आपल्या घरांत हा प्रश्न जास्त मुरतो, त्यालाही कारण आहे. पुष्कळ मराठी घरांत एक तरी इंजिनीअर असतोच. मीही त्यातलाच, बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये आलेला. इंजिनीअरिंगला दुसरा नियम शिकवतात, त्यावरची गणितं सोडवून घेतात. पण अकरावीला जीवशास्त्र सोडलेलं असतं, त्यामुळे उत्क्रांतीशी पुन्हा गाठ पडत नाही. त्यात २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा नुसता 'आनुवंशिकता' झाला. १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी पत्र लिहून त्याला विरोध केला. त्यांची काळजी रास्त होती. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाच्या हाती या वादातली एकच बाजू येणार, आणि फॉरवर्ड आला की ती त्याला पटणार.

नियम नेमका काय म्हणतो?

१८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच इंजिनीअरनं वाफेच्या इंजिनांचा अभ्यास करताना या नियमाचा पाया घातला. पुढे रुडॉल्फ क्लॉसियसनं तो नीट मांडला आणि १८६५ मध्ये 'एन्ट्रॉपी' हा शब्द घडवला. नियम असा : विलग प्रणालीची, म्हणजे जिच्यात बाहेरून ऊर्जा येत नाही, पदार्थ येत नाही आणि काही बाहेरही जात नाही अशा व्यवस्थेची, एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही.

या वाक्यातला 'विलग' हा शब्द फॉरवर्डमध्ये नेहमी गळलेला असतो. 'एकूण' हा शब्दसुद्धा. हे दोन शब्द काढले तर नियम रोजच्या रोज मोडताना दिसेल.

खडीसाखर घ्या. घट्ट पाकात दोरा सोडून ठेवला की त्याच्यावर टोकदार, चकचकीत खडे जमतात. पाकात साखरेचे रेणू वाटेल तसे भटकत होते, खड्यात ते ओळीनं रचले गेले. कोणी एकेक रेणू उचलून ठेवला नाही. नियम मोडला का? नाही. खडा बनताना थोडी उष्णता बाहेर पडते आणि पाकाची, भांड्याची, आजूबाजूच्या हवेची एन्ट्रॉपी वाढवते. खड्यात जेवढी कमी झाली त्याहून बाहेर वाढली.

फ्रिजचंही तेच. पाण्याचा बर्फ होतो, म्हणजे आतली एन्ट्रॉपी कमी होते. पण फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा, तिथे गरम लागतं. आतली उष्णता बाहेर टाकायला वीज लागते, आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. म्हणून बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली थंड होत नाही, उलट तापते. नुसत्या फ्रिजच्या आत बघणाऱ्याला चमत्कार दिसेल. अख्खी खोली बघणाऱ्याला हिशेब दिसेल.

तेव्हा पहिला प्रश्न नेहमी हा : हद्द कुठे आखली? आपण सीमाभागातली माणसं. रेघ कुठे ओढली यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपण स्वतः कसे चालतो?

जिवंत शरीर ही अत्यंत नेटकी रचना आहे, आणि ती टिकवायला सतत खर्च येतो. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणारा माणूस सरासरी १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. मंगल कार्यालयात ५०० पाहुणे बसले की ५० किलोवॅट झाले, म्हणजे २ किलोवॅटचे २५ गीझर एकदम चालू! अक्षता पडायच्या वेळी पंखे का पुरत नाहीत, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आईच्या पोटात एका पेशीपासून बाळ घडतं. एका पेशीच्या अब्जावधी पेशी होतात, त्यातून डोळे, मेंदू, नखं तयार होतात. दुसरा नियम गुंतागुंत वाढायला बंदी करत असता, तर नऊ महिन्यांचं हे काम त्यानं सगळ्यात आधी थांबवलं असतं. उत्क्रांतीविरुद्ध हा नियम पुढे करणारा माणूस स्वतः त्याच नियमाखाली वाढलेला असतो. आईनं खाल्लेल्या अन्नातून आणि तिनं बाहेर टाकलेल्या उष्णतेतून ती किंमत मोजली गेली, म्हणून तो वाढला.

एर्विन श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये डब्लिनला याच विषयावर व्याख्यानं दिली आणि पुढच्या वर्षी त्यांचं 'व्हॉट इज लाइफ?' हे छोटं पुस्तक झालं. सजीव आपली घडी टिकवतो ती भोवतालातून सुव्यवस्था घेऊन आणि अव्यवस्था बाहेर टाकून, असं त्यानं सांगितलं. त्याच्याही आधी, १८८६ मध्ये, लुडविग बोल्ट्झमननं हा धागा पकडला होता. एन्ट्रॉपीचा आणि अणुरेणूंच्या मांडणीचा संबंध दाखवणारा हाच तो शास्त्रज्ञ; व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर ते सूत्र कोरलेलं आहे. तो डार्विनचा मोठा चाहता होता. सजीवांची धडपड चालते ती तापलेल्या सूर्याकडून थंड पृथ्वीकडे वाहणाऱ्या ऊर्जेतून मिळणाऱ्या एन्ट्रॉपीच्या फरकासाठी, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे ज्यांनी हा नियम घडवला त्यांच्यातल्या एका अग्रगण्य माणसाला तो आणि उत्क्रांती यांत भांडण दिसलं नाही.

सूर्याकडून आपल्याला काय मिळतं?

"ऊर्जा" असं उत्तर पटकन येतं. पण पृथ्वी सूर्याकडून जेवढी ऊर्जा घेते जवळजवळ तेवढीच पुन्हा अवकाशात सोडते. सगळी साठवली असती तर आपण केव्हाच भाजून निघालो असतो. मग आपला फायदा कशात?

फायदा सुट्ट्या आणि बंद्या पैशांसारखा आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस तापलेला आहे, त्यामुळे तिकडून येणारे प्रकाशकण ऊर्जेनं भरलेले असतात. अवकाशातून पाहिली तर पृथ्वी सरासरी उणे १८ अंशाच्या वस्तूसारखी ऊर्जा सोडते, आणि ती अवरक्त किरणांच्या हलक्या कणांनी सोडते. येणाऱ्या एका कणामागे साधारण २० कण बाहेर जातात. रक्कम तीच, पण बंद्या नोटेची चिल्लर झाली. ऊर्जा जितक्या कणांत विखुरते तितकी एन्ट्रॉपी वाढते. या मोडीच्या व्यवहारात वाटेत पानं हिरवी होतात, वारे वाहतात, पाऊस पडतो आणि आपण जेवतो.

आता आकडे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजच्या डॅनियल स्टायर या प्राध्यापकानं 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये हा हिशेब सरळ करून दाखवला. प्रत्येक सजीव त्याच्या १०० वर्षांपूर्वीच्या पूर्वजापेक्षा १००० पट 'दुर्मिळ' रचनेचा आहे, असं त्यानं मुद्दाम सढळ हातानं धरलं. तरी उत्क्रांतीसाठी सगळ्या जीवसृष्टीची मिळून एन्ट्रॉपी दर सेकंदाला सुमारे ३०० ज्यूल प्रति केल्विन एवढीच कमी व्हावी लागते. सूर्यप्रकाशाच्या व्यवहारातून तेवढ्याच वेळात उपलब्ध होते ती सुमारे ४२० लाख कोटी ज्यूल प्रति केल्विन. म्हणजे खात्यात साधारण १.४ लाख कोटी रुपये जमा आणि त्यातला एक रुपया उत्क्रांतीचा खर्च! पुढच्याच वर्षी एमरी बन यानं स्टायरच्या काही गृहीतकांवर बोट ठेवून हिशेब अधिक काटेकोर केला. खर्चाचा आकडा वाढला, पण निष्कर्ष तोच राहिला. शिल्लक प्रचंड आहे.

"पण उन्हात भंगार ठेवून विमान होतं का?"

इथपर्यंत आलं की हुशार माणूस दुसरा प्रश्न काढतो, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला आहे. ऊन तर भंगाराच्या ढिगावरही पडतं, ते फक्त गंजतं. ऊर्जा मिळाली म्हणजे रचना होतेच असं कुठे आहे?

अगदी बरोबर. खात्यात पैसे असले म्हणजे घर आपोआप बांधलं जात नाही. दुसरा नियम एवढंच सांगतो की घर बांधणं परवडतं. ते बांधणारी यंत्रणा वेगळी दाखवावी लागते. भंगाराकडे ती नाही, सजीवांकडे आहे : स्वतःची नक्कल करणं, नकलेत थोडा फरक पडणं आणि जी नक्कल टिकते तिच्या पुढे आणखी नकला होणं. आपल्या प्रत्येक बाळात आईवडिलांत नसलेले साधारण ६०-७० नवे जनुकीय बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, काही घातक ठरतात, क्वचित एखादा कामाचा निघतो. घातक मागे पडतो, कामाचा पसरतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पचायला जड जातं. कोडमध्ये एखादं अक्षर असंच बदललं तर प्रोग्रॅम बरेचदा कोसळतो, सहसा सुधारत नाही. पण माझ्या कोडच्या लाखो प्रती सुटून एकमेकींशी स्पर्धा करत नाहीत, आणि टेस्ट पास झालेल्या प्रतीला पिल्लंही होत नाहीत. ती सोय करून दिली की चित्र बदलतं. नासाच्या काही इंजिनीअरांनी एका छोट्या उपग्रहाचा अँटेना याच पद्धतीनं काढला. संगणकात वाटेल तसे वाकलेले अँटेने बनवायचे, चांगले ठेवायचे, त्यांत बदल करायचे, पुन्हा तपासायचे. शेवटी जो हाती आला तो वाकड्यातिकड्या पेपरक्लिपसारखा दिसतो. कोणा माणसानं कागदावर तो काढला नसता. २००६ मध्ये एसटी-५ मोहिमेतून तो अवकाशात गेला. विजेचं बिल अर्थातच संगणकानं भरलं.

जिवंत उदाहरण हवं असेल तर रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग पाहा. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्यांनी ई. कोलाय जिवाणूंचे एकसारखे १२ गट १२ चंबूंत वाढवायला घेतले. रोज प्रत्येक चंबूतला शंभरावा भाग नव्या चंबूत, ताज्या अन्नात टाकायचा. दिवसाला साधारण ६-७ पिढ्या होतात. अन्न म्हणून थोडं ग्लुकोज असायचं, आणि द्रावणात सायट्रेटही असायचं. पण ऑक्सिजन असताना हा जिवाणू सायट्रेट खाऊ शकत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर १२ पैकी एका चंबूतले जिवाणू ते खाऊ लागले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दर ५०० पिढ्यांना गोठवून ठेवलेले नमुने होतेच, त्यामुळे 'मागे जाऊन' पाहता आलं. फार जुन्या पूर्वजांपासून पुन्हा सुरुवात केली तर ही क्षमता येत नव्हती, २०,००० पिढ्यांनंतरच्या पूर्वजांपासून येत होती. म्हणजे आधी पायाचे बदल झाले, मग वर माडी चढली.

या प्रयोगातही रोज ताजं अन्न घालावं लागतं, हे विसरू नका. ते घालणं बंद करून चंबू खरोखर विलग केला असता, तर दुसऱ्या नियमानं आपला हात दाखवला असता.

खरं भांडण एकदा झालं होतं

उष्णतेचं शास्त्र आणि उत्क्रांती यांचा एक खरा संघर्ष इतिहासात झाला आहे. तो एन्ट्रॉपीवरून नव्हता, वेळेवरून होता.

१८५९ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आलं, तेव्हा डार्विननं इंग्लंडमधल्या वील्ड या खोऱ्याची झीज व्हायला ३० कोटी वर्षं लागली असतील असा अंदाज दिला होता. नैसर्गिक निवडीला भरपूर काळ हवाच होता. १८६२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी वेगळंच गणित मांडलं. पृथ्वी आधी वितळलेली होती आणि हळूहळू निवत आली, असं धरून त्यांनी तिचं वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढलं. १८९७ पर्यंत ते २ ते ४ कोटींवर उतरले. केल्विन म्हणजे दुसऱ्या नियमाच्या जनकांपैकी एक. त्यांच्यासमोर डार्विन हबकला. ही अडचण त्याला शेवटपर्यंत सलत राहिली.

केल्विनांच्या आकडेमोडीत चूक नव्हती, वहीत नोंदी कमी होत्या. १८९५ मध्ये त्यांचेच एकेकाळचे सहायक, इंजिनीअर जॉन पेरी, यांनी दाखवलं की पृथ्वीच्या पोटातली उष्णता केल्विन समजतात त्याहून सहज वर पोचत असेल, तर वय कितीतरी पटींनी वाढतं. पुढच्याच वर्षी किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा स्वतःचाच एक साठा आहे हे लवकरच कळलं. सूर्यही केल्विनांच्या हिशेबात लवकर विझणारा होता. तो अणुकेंद्रांच्या मीलनावर चालतो हे कळल्यावर ती अडचणही मिटली. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसननं उल्कांमधल्या शिशावरून वय काढलं ते ४५५ कोटी वर्षं. डार्विनला हवा होता त्याहून कितीतरी जास्त काळ निघाला.

केल्विनांच्या वहीत पृथ्वीच्या पोटातली नोंद राहिली. आजच्या फॉरवर्डच्या वहीत सूर्याची नोंद राहते. नियम दोन्ही वेळा खराच होता.

गुंतागुंत म्हणजे प्रगती नव्हे

एक गैरसमज मात्र उत्क्रांती मानणाऱ्यांमध्येही असतो, की ती सगळ्यांना एकाच जिन्यावरून वर चढवते आणि वरच्या पायरीवर आपण बसलो आहोत. तसं काही नाही. पट्टकृमीनं, म्हणजे पोटातल्या चपट्या जंतानं, स्वतःचं आतडं गमावलं. आयतं जेवण मिळत असल्यावर ते कशाला हवं? अंधाऱ्या गुहांतल्या काही माशांचे डोळे गेले. आणि ज्याच्या त्याच्या जनुकसंचाची लांबी मोजून मोठेपणा ठरवायचा तर स्वयंपाकघरातला कांदा जिंकेल. त्याचा डीएनए आपल्यापेक्षा साधारण पाचपट लांब आहे.

शिवाय गुंतागुंत एन्ट्रॉपीच्या थेट उलटही नाही. काचेच्या ग्लासात कोरा चहा घ्या आणि वरून हळूच दूध सोडा. आधी दोन साधे थर दिसतात. शेवटी एकसारखा तपकिरी चहा दिसतो, तोही साधाच. मधल्या काही क्षणांत मात्र वेलबुट्टीसारखी वळणं उमटतात. एन्ट्रॉपी पूर्ण वेळ वाढतच असते, पण नक्षी मधल्या टप्प्यात सगळ्यात जास्त असते. आपलं विश्व सध्या तशाच मधल्या टप्प्यात आहे. तारे अजून तापलेले आहेत, अवकाश थंड आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये आपण.

घरातल्या वडीलधाऱ्यांना कधी वाटतं की हे सगळं मानलं तर देवाचं काय? या हिशेबात देव आहे किंवा नाही असं काहीच निघत नाही. निघतं ते इतकंच, की देवाच्या बाजूनं बोलायला दुसऱ्या नियमाला साक्षीला बोलावू नये, कारण तो तशी साक्ष देत नाही. आणि पहिला, स्वतःची नक्कल करणारा रेणू कसा तयार झाला, यावर जगभर संशोधन चालू आहे. तुमच्यापैकी कोणाला तिकडे वळायचं असेल तर काम भरपूर शिल्लक आहे.

अकरावीत शाखा निवडणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन : गणित-भौतिकशास्त्र घेतलंत तरी उत्क्रांतीवरचं एखादं चांगलं पुस्तक स्वतःहून वाचा, आणि जीवशास्त्र घेतलंत तर दुसऱ्या नियमाचं मूळ वाक्य एकदा शब्दन् शब्द वाचा. पुढच्या वेळी कोणी 'आपोआप घडी कशी बसेल?' असं विचारलं, तर वाद घालू नका. वही पुढे सरकवा आणि विचारा, "काका, हद्द कुठे आखलीत? आत काय आलं, बाहेर काय गेलं? आणि हिशेबात सूर्य धरला का?"